जर्मनीतील पब्लिक इन्शुरन्स आणि सायकॉलॉजिस्टचा शोध : आधी 'पीटीव्ही ११' हातात घ्या

जर्मनीत येऊन दीड वर्ष झाले, पब्लिक इन्शुरन्स आहे, रात्री झोप लागत नाही आणि तीस क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना ई-मेल करूनही फक्त दोघांचे नकार आले, असे आपण लिहिले आहे. माझ्या पत्नीसाठी हाच शोध मी केला आहे, त्यामुळे उत्तरच न येणे किती खचवणारे असते ते मला ठाऊक आहे. आपल्या पत्रात काही चुकले म्हणून असे झालेले नाही. पब्लिक इन्शुरन्सकडून पैसे घेण्यासाठी थेरपिस्टकडे 'कासेनझित्स' म्हणजे विमा व्यवस्थेतील मंजूर जागा असावी लागते आणि प्रत्येक भागात या जागांची संख्या ठरलेली असते. शिकलेले, परवाना असलेले लोक पुष्कळ आहेत. तुटवडा आहे तो या जागांचा.

शोधताना शब्दही नीट निवडावा लागतो. नुसते 'प्सुखोलोगे' म्हणजे मानसशास्त्राचा पदवीधर. उपचाराचा परवाना असणारा तो 'प्सुखोथेरापॉइट'. 'हाइलप्राक्टिकर' (पर्यायी उपचारक) पाटी असलेल्यांकडे वेळ लवकर मिळते, परंतु त्यांचा खर्च पब्लिक इन्शुरन्स देत नाही. थेरपिस्टच्या माहितीत 'आले कासेन' (सर्व विमा कंपन्या) लिहिले असेल तर आपले कार्ड चालते. 'प्रिव्हाट' (खासगी विमा) आणि 'झेल्ब्स्टत्साहलर' (स्वतः पैसे भरणारे) एवढेच असेल तर चालत नाही. फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी सुरुवातीला लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. थेट थेरपीची जागा मागत बसू नका. आधी 'श्प्रेखश्टुंडे' मागा. ही प्राथमिक तपासणीची भेट असते आणि एप्रिल २०१८ पासून थेरपी सुरू होण्याआधी किमान ५० मिनिटांची अशी भेट बंधनकारक आहे. ११६११७ या क्रमांकावरील अपॉइंटमेंट सेवेने ती चार आठवड्यांच्या आतली मिळवून द्यायची असते. थेरपिस्ट आपल्या पसंतीचा नसेल, कदाचित लांबचा असेल, आणि त्याच्याकडे पुढे जागा असेलच असे नाही; तरीही जा, कारण भेटीनंतर 'पीटीव्ही ११' नावाचा फॉर्म मिळतो. उपचार लवकर हवेत असे थेरपिस्टला वाटले, तर फॉर्मवर तशी खूण आणि कोड मागून घ्या. तो कोड दाखवल्यावर तीच सेवा पुढची अपॉइंटमेंट शोधून देते. 'अकूटबेहांडलुंग' म्हणजे तातडीचा उपचार लिहिला असेल, तर दोन आठवड्यांच्या आत.

ई-मेलपेक्षा फोन करा. प्रत्येक थेरपिस्टची फोनवर भेटण्याची वेळ ठरलेली असते आणि ती आन्सरिंग मशीनवर सांगितलेली असते. माझी पत्नी त्या वेळा एका वहीत लिहून ठेवत असे : मंगळवारी १२:१० ते १२:५०, गुरुवारी सकाळी ८ ते ८:३०. त्या वेळेला ती ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन लावायची आणि तारीख, वेळ, नाव, मिळालेले उत्तर व सांगितलेली प्रतीक्षा त्याच पानावर नोंदवायची. ती वही पुढे फार उपयोगी पडली, कारण कासेनझित्स असलेल्यांकडे वाजवी मुदतीत जागा नाही हे दाखवता आले, तर खासगी थेरपिस्टचा खर्च विम्याकडे मागता येतो. कायद्याच्या भाषेत हा पाचव्या सामाजिक संहितेचा कलम १३, परिच्छेद ३. अर्ज उपचार सुरू करण्यापूर्वीच द्यायला हवा, सोबत पीटीव्ही ११ आणि नकारांची यादी जोडावी. नकार आला तर एका महिन्यात लेखी हरकत घेता येते. आमचा पहिला अर्ज नाकारला गेला, दुसऱ्यांदा मान्य झाला. मात्र केवळ इंग्रजी बोलणारा थेरपिस्ट हवा एवढ्या कारणावर अर्ज टिकणे अवघड असते.

एक दार बहुतेकांना ठाऊकच नसते आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते : प्रशिक्षण संस्थांचे आणि विद्यापीठांचे बाह्यरुग्ण विभाग, ज्यांना 'आम्बुलांत्स' म्हणतात. तिथे प्रशिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यातील थेरपिस्ट अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार करतात, पब्लिक इन्शुरन्स चालतो, प्रतीक्षाही अनेकदा कमी असते, आणि तरुण थेरपिस्टमध्ये इंग्रजी सहज बोलणारे भेटतात.

थेरपीची बातमी विमा कंपनी आपल्या मालकाला कळवत नाही, त्यामुळे नोकरी किंवा व्हिसाच्या भीतीने थांबू नका. जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र यातली कोणतीही प्रक्रिया न पाहता ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा किंवा थेट जवळच्या मनोरुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

उद्या ११६११७ लावल्यावर एवढेच म्हणा : 'इश ब्राउखे आइनन टेर्मीन फ्यूर दी प्सुखोथेरापॉइटिशे श्प्रेखश्टुंडे.' म्हणजे, मला मानसोपचाराच्या प्राथमिक भेटीची वेळ हवी आहे. कार्ड आणि पत्त्याचा पोस्टल कोड जवळ ठेवा.