मल्टिमीटरवर आकडे अर्धवट दिसतात, प्रोब हवेत धरले तरी रेझिस्टन्स दाखवतो. दुरुस्त होईल की फेकू?

फेकू नका. म्हापशात राहता आणि मीटर अख्खा पावसाळा कपाटात पडून होता असं लिहिलंय, त्यातच अर्धं उत्तर आहे. मी फोंड्यात मिक्सर, टीव्ही दुरुस्त करतो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की लोक बिघडलेल्या लाइटच्या माळा घेऊन येतात आणि नेमका तेव्हाच माझाही मीटर रुसायचा.

उघडण्याआधी नऊ व्होल्टचा सेल बदलून बघा. तो सातच्या खाली उतरला की आकडे फुगतात. घरातले २३० व्होल्ट २६० दिसतात आणि आपण उगाच लाइनमनला बोलावतो. मग मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोडणी सलग असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर ठेवा, प्रोबची टोकं जुळवा आणि वायर मुळाशी वाकवा. बीप तुटक आली तर दोष वायरीचा. आणि हो, मोजताना दोन्ही टोकं बोटांनी धरत नाही ना? धरत असाल तर तो रेझिस्टन्स तुमच्या अंगाचा.

आता प्रोब आणि सेल काढून मीटर परातीत उघडा. परातीत अशासाठी, की या स्वस्त पिवळ्या मीटरच्या नॉबखाली स्प्रिंगवर बारीक पोलादी गोळ्या असतात आणि त्या उडतात. माझी एक गोळी कपाटाखाली गेली, ती चवथीच्या साफसफाईत सापडली.

अर्धवट आकड्यांचं कारण बहुतेक वेळा डिस्प्ले आणि बोर्ड यांच्यामधली रबरी झिब्रा पट्टी असते. ती आणि तिच्याखालचे बोर्डवरचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोट न लावता परत बसवा, स्क्रू सारखे आवळा.

हवेतला रेझिस्टन्स म्हणजे ओल. बोर्डवर धूळ, जुना फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट थर) आणि आपली खारी हवा मिळून एक चोरवाट तयार होते आणि तिच्यातून थोडा करंट झिरपतो. २००० के (किलो-ओहम) रेंजवर प्रोब मोकळे असताना डावीकडे नुसता १, म्हणजे 'रेंजच्या बाहेर', यायला हवा. नॉबखालचे गोल ट्रॅक अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा. माझ्या मीटरच्या ट्रॅकवरून काळपट चिकटा निघाला होता. मग बोर्ड पिवळ्या बल्बच्या उबेत, जरा लांब, दोन-तीन तास ठेवा. ग्रीस लावायचा मोह टाळा, त्यात धूळ बसते.

मिलिअँपिअर चालत नसेल तर फ्यूज गेलाय. त्याच रेटिंगचा घाला, तार गुंडाळू नका. १० अँपिअरच्या भोकाला स्वस्त मीटरमध्ये बहुधा फ्यूजच नसतो. तिथे प्रोब राहिला आणि तुम्ही सॉकेटमध्ये टोकं घातलीत तर सरळ शॉर्ट.

जोडून झाल्यावर आधी कोरा पेन्सिल सेल मोजा, १.५ ते १.६ यायला हवं. बोर्डवरच्या काळ्या थेंबाखालची चिपच गेली असेल तर मात्र नवा मीटर घ्या, तिथे माझाही हात चालत नाही.