'ग्रंथालयीन'ला इंग्रजीत काय म्हणावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाचं वाचनालय सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. एका कंपनीकडे रॅक आणि पुस्तकं मागायची आहेत, मराठी मसुद्यात 'ग्रंथालयीन साहित्य' असं लिहिलंय, पण अर्ज इंग्रजीत हवा. शाळेचं ते 'शालेय', तसं ग्रंथालयाचं ते 'ग्रंथालयीन'. मग इंग्रजीत कोणतं विशेषण? कोशात 'बिब्लिओथीकल' सापडलं, ते चालेल का?

ताई, शब्द खरा आहे, पण अर्जात घालू नका. वाचणारा साहेबच कोश उघडून बसेल. इंग्रजीत नुसतं 'लायब्ररी' हे नामच पुढच्या नामाला चिकटून विशेषणाचं काम करतं: लायब्ररी कार्ड, लायब्ररी बुक्स, लायब्ररी रूल्स. ग्रंथपाल रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, तेव्हा त्यांनाही 'लायब्ररी सायन्स' पुरलं. चिकटणारं नाम बहुधा एकवचनीच राहतं. आपला महाराष्ट्राचा 1967चा ग्रंथालय कायदा मात्र 'पब्लिक लायब्ररीज अ‍ॅक्ट' आहे, पण कायद्यांच्या नावांची तऱ्हाच वेगळी.

'बिब्लिओथीकल' इतकं परकं का वाटतं? 'लायब्ररी'च्या मुळाशी लॅटिन 'लिबेर' म्हणजे पुस्तक. विशेषण मात्र ग्रीक घराण्यातलं, 'बिब्लिओन' म्हणजे पुस्तक आणि 'थेके' म्हणजे ठेवायची जागा. नाम एका घरचं, विशेषण दुसऱ्या घरचं, हे आपल्याकडेही चालतं: बोलताना फारसीतून आलेलं 'शहर', पण विशेषण संस्कृत 'नागरी'. आपली ही जोडी रुळली, इंग्रजीतही 'मून' आणि 'लूनर' रुळले, बिचारं 'बिब्लिओथीकल' कोशातच राहिलं. (फ्रेंचमध्ये तर आज 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान!) 'बिब्लिओग्राफिक'कडेही वळू नका, ते ग्रंथसूचीचं विशेषण आहे.

खरी अडचण तुमच्या 'ग्रंथालयीन साहित्य' या शब्दांत आहे. आपलं 'साहित्य' म्हणजे कथा-कविताही आणि सामानही. त्याचं 'लायब्ररी लिटरेचर' केलंत, तर ग्रंथालयांविषयीचं लेखन असा अर्थ होईल. पुस्तकं, मासिकं, नकाशे यांना 'लायब्ररी मटेरियल्स' म्हणा.

आणखी एक बारकावा. 'लायब्ररी बुक्स' म्हणजे ग्रंथालयातली म्हणून जी असतात ती पुस्तकं, कुठल्याही ग्रंथालयाची. आपल्याच वाचनालयाच्या मालकीची सांगायची असतील, तर 'द लायब्ररीज बुक्स', 'एस'च्या आधी वरचा स्वल्पविराम देऊन. मराठीत हे काम 'चा-ची-चे' करतात, म्हणून तर गावात कोणी 'ग्रंथालयीन पुस्तक' म्हणत नाही, 'लायब्ररीचं पुस्तक' म्हणतात.

विषयाच्या ओळीत 'रिक्वेस्ट फॉर स्टील रॅक्स अँड बुक्स फॉर अवर व्हिलेज लायब्ररी' एवढं पुरे. 'लायब्ररी फर्निचर' चूक नाही, पण तेवढंच लिहिलंत तर टेबल-खुर्च्या येतील आणि पुस्तकं पोत्यातच राहतील. रॅकची संख्या आणि मापं आकड्यांतच द्या.