सरकारी विद्यापीठात न्यूरोबायॉलॉजी शिकता येईल का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकते. पुढे न्यूरोबायॉलॉजी, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेचे जीवशास्त्र, शिकण्याची इच्छा आहे. परंतु खासगी विद्यापीठाचे शुल्क परवडणारे नाही आणि जवळच्या सरकारी विद्यापीठांत या नावाची पदवी दिसत नाही. बारावीनंतर गणितही सुटले आहे. काय करावे?

उत्तर : त्या नावाची पदवी शोधण्यात वेळ दवडू नये. सरकारी विद्यापीठांत हा विषय बहुधा प्राणिशास्त्राच्या किंवा जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.त एखाद्या पेपरपुरता असतो आणि त्याची खरी ओळख संशोधन प्रकल्पातच होते. म्हणून प्रवेशापूर्वी तेथील प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध चाळून चेतासंस्थेवर प्रत्यक्ष काम कोण करते, हे पाहावे. महागड्या ऑनलाइन प्रमाणपत्रांनी प्रत्यक्ष प्रकल्पाची उणीव भरून निघत नाही.

गणिताकडे मात्र पाठ फिरवून चालणार नाही. विश्रांत, म्हणजे संदेश वाहत नसलेल्या, चेतापेशीच्या आत बाहेरच्या मानाने सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट विभव (विद्युतदाब) असते आणि ते मुख्यत्वे पोटॅशियमच्या आतबाहेरच्या प्रमाणातील फरकामुळे निर्माण होते. पण त्याचा हिशेब मांडायला बसलात, की पहिल्याच ओळीत लॉगरिदम समोर येतो. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी माकुळाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये चेतासंदेशाचे गणित मांडले, तेव्हा ती समीकरणे हक्स्ली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. आज तेच काम संगणकावर काही क्षणांत होते, परंतु समीकरण काय म्हणते ते आपल्यालाच कळावे लागते. तेव्हा या वर्षी बारावीचे कलन (कॅल्क्युलस) पुन्हा उघडावे आणि सोबत पायथन ही संगणकभाषा शिकावी. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी नेमके इथेच मागे पडतात.

एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळूरुचे निम्हान्स (राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था), पुण्याचे आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि मुंबईचे टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) या सार्वजनिक संस्था आहेत. टीआयएफआरमध्ये फळमाशीच्या घ्राणेंद्रियावर (वास घेण्याच्या इंद्रियावर) झालेले काम जगभर ओळखले जाते, त्यामुळे मेंदूच्या अभ्यासासाठी माणसाचाच मेंदू हवा, असे मानू नये; आपल्या प्राणिशास्त्राचा तिथे उपयोगच होईल. खर्चाची चिंता या टप्प्यावर बरीच हलकी होते, कारण नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ मधील वाढीनुसार दरमहा ३७,००० रुपये मिळतात. अडचण एम.एस्सी.च्या दोन वर्षांचीच आहे. त्या काळासाठी वसतिगृह आणि राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी प्रवेश अर्जासोबतच करावी.