समुद्राचं अत्तर पहिल्यांदा लावताना

पहिल्या फवाऱ्यालाच नाक मुरडलंस ना? तिथे थांबू नकोस. या बाटलीत नारळ-व्हॅनिलाचा गोडवा नाही. ओली वाळू, शेवाळ, किनाऱ्याला लागलेलं लाकूड आहे. मिठाला स्वतःचा वास नसतो, म्हणून खाऱ्या वाऱ्याचा भास अनेकदा कॅलोनने उभा करतात. १९६६ साली सापडलेला हा रेणू थोडा कलिंगडासारखा, थोडा कालवांसारखा. तुला मासळी वाटली ती बहुधा हीच. अर्धा तास जाऊ दे.

सध्या एवढंच सांभाळ:

– कागदी पट्टीवरून निकाल देऊ नकोस. मनगटावर लाव, घासू नकोस.

– २ फवारे पुरेत. आपल्या इंदूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात वरचा ताजेपणा भुर्रकन उडतो आणि नवखे लोक आणखी मारत सुटतात. त्यापेक्षा आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव.

– सराफ्याच्या खाऊगल्लीत जायच्या रात्री पारख नको. तुपातल्या जिलबीपुढे शेवाळाचा काय पाड लागणार!

आणि दुसऱ्या दिवशी कुर्त्याची बाही हुंगून बघ. माझ्या बाहीवर सकाळीही उन्हात तापलेल्या कातडीसारखा खारट, उबदार वास होता. मला हे अत्तर खरं आवडलं ते तिथे.