बेस गिटारसाठी एन्व्हलप फिल्टर घरी बनवतोय. तळाचा आवाज जातो आणि स्वर थरथरतो. काय बदलू?

तुम्ही लिहिलंय की गिटारसाठीचं ऑटो-वाहचं (म्हणजे एन्व्हलप फिल्टरचंच, तार जितकी जोरात माराल तितका वर उघडणाऱ्या फिल्टरचं) सर्किट जसंच्या तसं उभं केलं. 'क्वॅक' छान येतो, पण खालचा दम निघून जातो आणि ई तारेवर स्वर लांबवला की आवाज थरथरतो. या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि थरथरीसाठी तरी फिल्टरला हात लावायची गरज नाही. गोम डिटेक्टरमध्ये, म्हणजे तार किती जोरात मारली ते मोजून फिल्टर हलवणाऱ्या भागात आहे.

बेसची ई तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे एक लहर साधारण २४ मिलिसेकंदांची. साध्या सर्किटात एकच डायोड असतो. तो लहरीचा अर्धाच भाग घेतो, त्यामुळे दोन उंचवट्यांच्या मधल्या वेळात कपॅसिटर रिकामा होऊ लागतो आणि फिल्टर सेकंदाला ४१ वेळा वरखाली हलतो. तीच थरथर तुम्हाला ऐकू येते. दोन ऑप-अँप आणि दोन १एन४१४८ डायोड वापरून फुल-वेव्ह रेक्टिफायर करा, म्हणजे लहरीचे दोन्ही अर्धे भाग घेतले जातील. आता उंचवटे ८२ हर्ट्झने येतील, जेवढे गिटारच्या ई तारेवर तुमच्या आत्ताच्या सर्किटला मिळतात. पुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४.७ के मधून भरू द्या आणि १५० के मधून रिकामा होऊ द्या. भरायला काही मिलिसेकंद लागतील, उतरायला दीडशेच्या आसपास. १५० के च्या जागी पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) बसवलात तर आणखी बरं, फंक वाजवताना आणि संथ गाण्यात एकच उतार चालत नाही.

उरलीसुरली थरथर एलईडी आणि एलडीआर (उजेडात रेझिस्टन्स कमी होणारा फोटोसेल) यांची जोडी खाऊन टाकते. उजेड गेल्यावर एलडीआरचा रेझिस्टन्स लगेच चढत नाही, आणि इतर ठिकाणी नडणारा हा आळस इथे हवाच असतो. १९७२ सालच्या म्यू-ट्रॉन ३ या एन्व्हलप फिल्टर पेडलमध्येही एलईडी आणि फोटोसेलच होते. फंक बेसवादक बुट्सी कॉलिन्सच्या बेसचा तो गाजलेला आवाज त्याच पेडलचा. तयार ऑप्टोकपलर (हीच जोडी एका बंद डबीत) महाग पडतो. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे एलडीआर स्वस्तात मिळतात, ते दोन घ्या आणि मल्टीमीटरवर एकमेकांशी जुळताहेत का बघून घ्या. मध्ये एक एलईडी ठेवून सगळं काळ्या हीट-श्रिंक नळीत बंद करा. दोन्ही टोकं नीट दाबा. फट राहिली तर खोलीतल्या ट्यूबलाइटची १०० हर्ट्झची लुकलुक आत शिरते आणि तुम्ही तासभर ग्राउंडची घरघर शोधत बसता! दिव्याखाली हात फिरवा. आवाज बदलला तर नळी गळतेय.

आता तळ. गिटारची बरीच सर्किटं बँड-पास असतात, ती मधला पट्टा ठेवून बाकीचं कापतात. तुम्ही स्टेट-व्हेरिएबल फिल्टर घ्या आणि त्याचा लो-पास, म्हणजे तळ जाऊ देऊन वरचं कापणारा आउटपुट वापरा. इनपुट बफर धरून चार ऑप-अँप लागतात, म्हणजे एका टीएल०७४ (चार ऑप-अँपच्या चिप) मध्ये भागतं. दोन्ही इंटिग्रेटरना १० नॅनोफॅरड लावा, प्रत्येक एलडीआरला समांतर १५० के जोडा, आणि या जोडीच्या सिरीजमध्ये ६.८ के द्या. समांतर रेझिस्टरमुळे फिल्टर अंधारातही १०० हर्ट्झच्या फारसा खाली उतरत नाही, त्यामुळे ई तारेचा मूळ स्वर सुटत नाही. सिरीजमधला वरची हद्द २३०० हर्ट्झच्या आसपास बांधतो. बेसला त्याच्यावर नेऊन काही साधत नाही, नुसतं टोचतं.

कपलिंग कपॅसिटरही तपासा. १० नॅनोफॅरडच्या पुढे १ मेगओहम असेल तर कट (ज्याच्या खालचे स्वर कमी होतात ती हद्द) १६ हर्ट्झला येतो, काही बिघडत नाही. पण त्याच कपॅसिटरपुढे १०० के असेल तर कट १५९ हर्ट्झला जातो, आणि मग फिल्टरला दोष देण्यात अर्थ नाही.

क्यूच्या, म्हणजे फिल्टरच्या टोकाशी येणाऱ्या उंचवट्याच्या, बाबतीत हात आखडता ठेवा. म्यू-ट्रॉनला नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागत. तुमच्याकडे एकच असेल तर उंच क्यूवर चांगल्या जोरात तार मारली की ऑप-अँप क्लिप होणारच, म्हणजे लहरीचे शेंडे कापले जाऊन आवाज फाटणार. ॲक्टिव्ह बेस (आत बॅटरीवरचा प्रीअँप असलेला) असेल तर सेन्सिटिव्हिटीचा पॉट हवाच, आणि तो डिटेक्टरच्या वाटेवर हवा, मुख्य आवाजाच्या वाटेवर नको.

डिटेक्टर आणि एलईडीचा ट्रान्झिस्टर वेगळ्या चिपवर ठेवा. त्यांच्या सप्लायला १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा गाळणा द्या, नाहीतर प्रत्येक स्वरामागे बारीक 'टक' ऐकू येईल. हे सगळं आधी ब्रेडबोर्डवर वाजवून बघा, डब्याला भोकं शेवटी पाडा.

पेडल रांगेत कॉम्प्रेसरच्या आधी लावा. कॉम्प्रेसर (जोरातले आणि हळू फटके सारखे करणारं पेडल) याच्या आधी आला तर हळू मारा की जोरात, डिटेक्टरला सगळे फटके सारखेच दिसतात. एवढं करूनही ई तारेवर थरथर राहिली तर १ मायक्रोफॅरडच्या जागी २.२ लावून बघा आणि इथे कळवा.