व्हिडिओ पाहून झाले, आता लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘मॅडम, चार आठवड्यांचे व्हिडिओ झाले, असाइनमेंटला मार्कही चांगले येऊन राहिले, पण स्वतः लिहायला बसलं की डोकं बंद पडते.’ सोबत आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पुरावरचा तुझा इंग्रजी निबंध होता. तोही वाचला, दोनदा. फोनवर बोलून भागलं असतं. पण फोनवर तू नुसतं ‘हो मॅडम, हो मॅडम’ करतेस आणि मग सगळं हवेत जातं. म्हणून हे पत्र.

आधी मार्कांचं बघू. तुझ्या इंग्रजी लेखनाच्या ऑनलाइन कोर्सच्या असाइनमेंट पर्यायी उत्तरांच्या आहेत. खालीलपैकी थीसिस स्टेटमेंट (निबंधाचं मुख्य म्हणणं सांगणारं वाक्य) कोणतं, या परिच्छेदातलं मुख्य वाक्य ओळखा, स्वल्पविराम कुठे चुकला ते सांगा. उत्तरं मशीन तपासतं, आणि एकेका कोर्सला हजारो मुलं असताना दुसरं काही करणं शक्यही नाही. त्यात चांगले मार्क पडतात याचा अर्थ एवढाच की नीट लिहिलेलं वाक्य समोर आलं तर तुला ते कळतं. ही काही कमी गोष्ट नाही. पण सांबारवडीचे दहा व्हिडिओ पाहिले, तरी आपल्या हातची पहिली वडी तेलात फुटतेच.

असा कोर्स मूळचा अमेरिकेतल्या कॉलेजांतला. हार्वर्डने 1885 मध्ये लेखनाचा विषय पहिल्या वर्षाला आणला आणि मग तिकडे ती रीतच पडली. पुढे इंजिनिअर व्हायचं असो की नर्स, बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी हा कोर्स चुकत नाही. तिथल्या लेखन-शिक्षकांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की, या वर्गात 15 मुलं असावीत, फार तर 20. आपल्याकडे बीएच्या इंग्रजी अनिवार्यला हॉल भरलेला असतो, त्यामुळे हा आकडा ऐकून हसू येईल. पण कारण साधं आहे. शिक्षकाला प्रत्येकाचा निबंध वाचायचा असतो, शेरे मारून परत द्यायचा असतो आणि पुन्हा लिहून आणलेला पुन्हा वाचायचा असतो. त्या कोर्सचा जीव या येण्या-जाण्यात आहे, व्याख्यानात नाही.

आपलं स्वयम्, म्हणजे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, 2017 साली सुरू झालं, तेव्हा त्याची मांडणी चार भागांची ठरली: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, आपली आपण चाचणी घ्यायचे प्रश्न आणि शंका विचारायची सोय. अर्थशास्त्राला किंवा संख्याशास्त्राला एवढं पुष्कळ झालं. लेखनाला आणखी एक लागतं, ते म्हणजे तू लिहिलेलं पान वाचणारं माणूस. कोर्समध्ये ते मिळणार नाही, तुलाच बाहेरून आणावं लागेल. माझं मुख्य सांगणं हेच आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

वाचक म्हणजे इंग्रजीचा पंडित शोधू नकोस. तुझ्या वर्गातल्या दोघीतिघी पुरेत. इंग्रजी बेताचं असलं तरी चालेल. उलट बरंच, कारण मग त्या व्याकरण काढत बसणार नाहीत. आठवड्यातून एकदा भेटा. सीताबर्डीला झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या आसपास बसा, महाराजबागेत बसा, नाहीतर कुणाच्या तरी घरी कूलरसमोर बसा. प्रत्येकीने एकच पान आणायचं, छापून किंवा हाताने लिहून, मोबाईलवर नाही. वाचणारीने दोनच गोष्टी सांगायच्या: मला यातून काय कळलं ते एका वाक्यात, आणि कुठे माझा धागा सुटला. ‘मस्त लिहिलंस गं’ हे वाक्य त्या तासापुरतं बंद. आणि लिहिणारीने मध्ये तोंड उघडायचं नाही. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ असं तू म्हणालीस की समज, ते कागदावर आलेलंच नाही.

निबंध इंग्रजीत असू दे, चर्चा खुशाल मराठीत करा. वऱ्हाडीत करा बाप्पा, कोण अडवतंय! इतकी वर्षं शिकवल्यावर माझं मत असं झालं आहे की, ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांचं इंग्रजी कामापुरतं ठीक असतं. पण त्यांचं म्हणणंच ठरलेलं नसतं. तपासायला सोपं आहे. निबंध बाजूला ठेव आणि आईला मराठीत दोन मिनिटांत सांग की, तुला यात काय सिद्ध करायचं आहे. तिथेच अडखळलीस तर शब्दकोश उघडून उपयोग नाही.

आता तुझ्या निबंधाकडे येते. पहिला परिच्छेद असा (मी मराठीत सांगते): नागपूर हे संत्र्यांचं शहर आहे. ते भारताच्या मध्यभागी आहे. पाणी म्हणजे जीवन, पण तेच पाणी कधी काळ होऊन येतं. निसर्गापुढे माणूस हतबल आहे. मुली, हा परिच्छेद कोल्हापूरच्या पुरालाही चालेल. फक्त संत्री काढून गूळ घालायचा. यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकाही वाक्याची गरज नाही. शाळेत आपल्याला प्रस्तावना म्हणून हेच शिकवलं, त्यात तुझा दोष नाही. कॉलेजच्या लेखनात मात्र वाचक वाट पाहत असतो की, ही मुलगी नेमकं म्हणते काय.

दुसऱ्या पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत, तुझं खरं म्हणणं सापडलं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, इथवर तू बातमी सांगतेस. मग एकदम लिहितेस की, तलावाचं जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्यापुढची वाट मोकळी असती तर एवढं पाणी घराघरांत शिरलं नसतं. आणि लगेच पुढच्या ओळीत ‘अशा प्रकारे आपण निसर्गाचे रक्षण केले पाहिजे’ म्हणून निबंध संपवतेस. अगं, जिथे सुरू व्हायला हवा तिथे तू तो संपवलास!

‘पूर अतिवृष्टीमुळे आला’ याच्याशी कुणी भांडणार नाही, म्हणून त्यावर निबंध होत नाही. ‘सांडव्यापुढची वाट अरुंद झाली म्हणून नुकसान वाढलं’ याच्याशी भांडता येतं. कुणी म्हणेल, पाऊसच इतका होता की वाट रुंद असती तरी काही वेगळं झालं नसतं. कुणी नदीकाठच्या बांधकामांकडे बोट दाखवेल. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचा वाद तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. म्हणजे इथे दोन बाजू आहेत, कागदपत्रं आहेत आणि तू त्या भागात राहतेस. थीसिस स्टेटमेंट म्हणजे हेच: समंजस माणूस ज्याला ‘नाही’ म्हणू शकेल आणि जे तुला पुराव्याने पटवून द्यावं लागेल, असं एक वाक्य. कोर्समध्ये तू त्याची व्याख्या बरोबर ओळखलीस. तुझ्याच निबंधात ते होतं, ते मात्र तुला दिसलं नाही.

तेव्हा ते वाक्य वर घे आणि पहिला परिच्छेद पूर्ण काढून टाक. दुसऱ्या परिच्छेदात तू ‘असे म्हटले जाते की’ तीनदा लिहिलंस. कोण म्हणतं? हवामान खातं, महापालिका, याचिका करणारे रहिवासी की तुमच्या गल्लीतले काका? चौघांच्या शब्दाचं वजन सारखं नसतं. काकांचं सांगणंही पुरावा ठरू शकतं, कारण त्यांनी पाणी कुठवर चढलं ते डोळ्यांनी पाहिलं. पण सांडव्यातून किती पाणी गेलं हे ते सांगू शकत नाहीत. त्या आठवड्यातले ‘हितवाद’ आणि ‘लोकमत’चे अंक वाचनालयात बसून काढ. पेन्सिल घेऊन प्रत्येक आकड्याशेजारी लिही की, तो कुणी दिला. कुणीच दिला नसेल तर तो आकडा वापरू नकोस. संदर्भ एमएलए पद्धतीने द्यायचे की एपीए पद्धतीने, ही चिंता नंतरची. ती नियमावली आहे, समोर ठेवून भरता येते.

तुझ्या मेसेजमध्ये शेवटी होतं, ‘पुन्हा लिहिला तरी तसाच राहतो.’ 1980 मध्ये नॅन्सी सॉमर्स नावाच्या अमेरिकी संशोधक-शिक्षिकेने 20 नवखे विद्यार्थी आणि 20 मुरलेले लेखक आपापलं लिखाण कसं सुधारतात याचा अभ्यास केला. विद्यार्थी शब्द बदलत होते. एकच शब्द दोनदा आला तर एक काढ, साध्याच्या जागी भारी घाल, असं. मुरलेले लोक मात्र पहिल्या खर्ड्याकडे आपलं म्हणणं शोधायची जागा म्हणून बघत होते आणि सापडल्यावर त्याच्याभोवती सगळं पुन्हा रचत होते. तुझे दोन खर्डे मी शेजारी ठेवून पाहिले. ‘बिग’चं ‘मॅसिव्ह’ झालंय, ‘बॅड’चं ‘डिझास्ट्रस’. परिच्छेद होते तिथेच आहेत. पुढच्या वेळी खर्डा झाला की प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात त्याचं काम एका ओळीत लिही: हा पावसाचा आकडा सांगतो, हा विरुद्ध बाजू मांडतो, हा तिला उत्तर देतो. ज्याचं काम लिहिता येत नाही तो गेला. मग फाइल बंद कर आणि त्या समासातल्या ओळींवरून नव्या पानावर लिही. जुनं कॉपी-पेस्ट करायचं नाही. त्रासाचं आहे, पण लिखाण खरं बदलतं ते इथेच.

चॅटजीपीटीबद्दल तू विचारलं नाहीस, पण वापरतेस हे मला माहीत आहे. पहिल्या खर्ड्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाला एकदम इस्त्री झालेली दिसली. मी त्याला शिवी देणार नाही. पण ज्या कामासाठी तू हा कोर्स घेतलास तेच काम त्याच्याकडून करवून घेतलंस, तर तुझ्या हाती नुसतं प्रमाणपत्र उरेल. आधी स्वतः लिही, मग हवं तर त्याला विचार की, या मांडणीला विरोध करणारा माणूस काय म्हणेल. उत्तर पटलं तर त्याचा समाचार स्वतःच्या शब्दांत घे. त्याने दिलेला संदर्भ मूळ ठिकाणी जाऊन पाहिल्याशिवाय वापरू नकोस. नसलेले लेख आणि नसलेले निकाल ते बिनदिक्कत सांगतं.

याची दुसरीही बाजू आहे. एआयचं लिखाण पकडणारी म्हणून जी सॉफ्टवेअर निघाली आहेत, ती प्रामाणिक मुलांनाही पकडतात. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांचे 91 निबंध अशा सॉफ्टवेअरमधून काढले, तर सरासरी निम्म्याहून अधिक निबंधांवर यंत्राने लिहिल्याचा शिक्का बसला. माणसांनीच लिहिलेले होते ते. साधी, ठरावीक वाक्यरचना असली की हे होतं, आणि आपली वाक्यरचना सुरुवातीला तशीच असते. म्हणून गूगल डॉक्समध्येच लिही. त्यात व्हर्जन हिस्टरी राहते, कुठलं वाक्य कधी लिहिलं आणि कधी खोडलं ते दिसतं. कागदावरचे खर्डे तारखा घालून फाइलला लाव. उद्या कुणी शंका घेतली तर रडत बसण्यापेक्षा फाइल पुढे करता येते.

वेळापत्रकाचं फार सांगत नाही, तू शिस्तीची आहेस. एवढंच की व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिलेस तरी चालतील. वाचलेला वेळ लिहिण्याला दे. घरी संध्याकाळी टीव्ही चालू असतो हे मला ठाऊक आहे, तेव्हा सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वीचा अर्धा तास त्यासाठी ठेव. बसमध्ये मोबाईलवर टिपणं काढ, परिच्छेद नको. छोट्या स्क्रीनवर आधीचा परिच्छेद दिसत नाही, मग माणूस तेच ते पुन्हा लिहितो.

सांडव्याच्या वाक्यापासून सुरू झालेला नवा खर्डा शनिवारी चार वाजता घेऊन ये. दोन ओळींत अंतर सोडून छाप, म्हणजे मला लिहायला जागा राहील. मैत्रिणींनाही आण, त्यांची पानं मी वाचीन.

तुझी,
मॅडम

ता. क. कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेची फी वेगळी, मुदतही वेगळी. तुझा कोर्स एनपीटीईएलचा (आयआयटी वगैरे संस्थांनी स्वयम्‌वर चालवलेल्या कोर्सपैकी) आहे, म्हणजे असाइनमेंटला 25 आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75 गुण. प्रमाणपत्रासाठी 25 पैकी किमान 10 आणि 75 पैकी किमान 30 लागतात. एकात भरपूर मिळाले म्हणून दुसऱ्यातली कमी भरून निघत नाही. आणि क्रेडिट हवे असतील, तर तुमच्या कॉलेजात स्वयम् बघणारे जे सर असतील त्यांना याच आठवड्यात गाठून विचार की, हा कोर्स आपल्या अभ्यासक्रमात धरला जाईल का. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे ऑनलाइन घेता येतात, पण कुठला कोर्स मान्य ते विद्यापीठ ठरवतं. ते काय म्हणाले ते ईमेलवर लिहून घे.