रिव्हरला आलेला राजा

प्रिय मित्रा,

तुझा पोकरच्या टूर्नामेंटमधून बाद झाल्याचा मेसेज वाचला. तुझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजे, फ्लॉपच्या (टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पानांच्या) आधीच दोघंही ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला, आणि रिव्हरला, पाचव्या शेवटच्या पानाला, किलवरचा राजा. वर तू लिहिलंयस, 'चार टक्क्यांवर हरलो.' ते चार टक्के टर्न, म्हणजे चौथं पान, पडल्यानंतरचे. तू चिप्स पुढे सारल्यास तेव्हा राजे जिंकायची शक्यता साधारण १८ टक्के होती. म्हणजे पाच-सहा वेळांत एकदा हे व्हायचंच. शेवटच्या पानावर हरलं की जास्त झोंबतं, एवढंच.

आता त्याहून कडू हिशेब ऐक. टूर्नामेंट जिंकायची तर असे ऑल-इन एकामागून एक निभवावे लागतात. दर वेळी तू ८० टक्के पुढे आहेस असं धरलं (एवढं सुख कुणाच्याच वाट्याला येत नाही), तरी सलग पाच जिंकायची शक्यता ३३ टक्केच. त्यातून बक्षीस मिळतं शंभरातल्या दहा-पंधरा जणांना आणि खरा पैसा शेवटच्या दोन-तिघांना. शंभरात पंधरा वेळा बक्षिसात येणारा चांगला खेळाडू घे. तो चारशे टूर्नामेंट खेळला, तर त्यात सलग वीस कोरड्या जाण्याचा एखादा पट्टा बहुतेक येतोच.

ऑनलाइन खेळणारी मुलं चारशे टूर्नामेंट दोन-तीन महिन्यांत उरकायची. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला आणि आपल्याकडे पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं. उरला गोवा, तिथले जहाजांवरचे कॅसिनो. वर्षाला चार फेऱ्या, फेरीला पाच टूर्नामेंट धर. चारशे व्हायला वीस वर्षं लागतील. 'लाँग रनमध्ये सगळं फिटतं' असं आपण एकमेकांना सांगतो ना, ते तुझ्या बाबतीत पन्नाशीच्या आसपास खरं ठरेल! म्हणून निकालावरून आपला खेळ जोखायचं सोड. तेवढे निकाल तुझ्याकडे कधी जमणारच नाहीत.

जोखायचे ते निर्णय. तुझ्या त्याच मेसेजमध्ये एक ओळ आहे, जी तू घाईत लिहून पुढे गेलास: 'त्याआधी एक्का-गुलामवर थोडं गेलं.' थोडं? चाळीस ब्लाइंड्सचे वीस झाले, निम्म्या चिप्स गेल्या (ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीनं लावायची बेट, चिप्स त्यातच मोजतात). पहिल्याच जागेवरून रेज (वाढवलेली बेट) आलेला, तू बिग ब्लाइंडमधून (मोठी सक्तीची बेट लावणाऱ्या जागेवरून) कॉल केलास, म्हणजे तेवढेच लावलेस, फ्लॉपला एक्का पडला आणि मग तिन्ही बेट्सना नुसता कॉल करत गेलास. त्यानं एक्का-राणी दाखवली. तिथून रेज करणारा, तीनदा बेट मारणारा माणूस तुझ्याहून कमकुवत एक्का घेऊन किती वेळा बसलेला असतो? माझ्या मते तू हरलास ते इथं. एक्के मोडले तेव्हा तुझ्याकडे चाळीस ब्लाइंड्स असते आणि समोरच्याकडे वीसच, तर वीस हातात उरले असते आणि तू खेळात राहिला असतास. बॅड बीटचा (पुढे असूनही नशिबानं हरण्याचा) मोठा तोटा हाच की तिच्या आरडाओरड्यात असले हात, म्हणजे डाव, विसरले जातात.

पैशाचं थोडक्यात. टूर्नामेंटसाठी निदान शंभर बाय-इन (प्रवेशाचे पैसे) बाजूला हवेत असं जुने खेळाडू सांगतात. १५ हजारांच्या बाय-इनला ते १५ लाख होतात. तुझ्याकडे तेवढे नाहीत, मग लहान खेळ किंवा मित्रांना बक्षिसातला हिस्सा विकून खेळ, पण हिस्से आधी लिहून घे. जिंकलास तर ३० टक्के कर कापला जातो आणि वर्षभरात बुडालेले बाय-इन त्यातून वजा होत नाहीत. हे तुझ्या वहीत कुठंच दिसलं नाही. नोकरी सोडायचा विषय तर निदान माझ्यासमोर काढू नकोस.

आणि बाद झाल्यावरचा पहिला अर्धा तास. री-एन्ट्रीचा (पुन्हा पैसे भरून त्याच टूर्नामेंटमध्ये शिरायचा) काउंटर उघडाच असतो, आणि तो चुकवलास तर खालच्या मजल्यावर अंदर-बाहर मांडलेलं. पोकरमधलं कमनशीब निदान उलटू शकतं. तिथं फायदा कायम कॅसिनोचाच. री-एन्ट्री करायची की नाही हे टेबलावर बसायच्या आधी ठरव, घरी, जेवून झाल्यावर. ठरलं नसेल तर जहाजावरून उतर आणि मांडवीच्या काठानं चालत सुट.

पुढच्या फेरीनंतर मला तीन हात लिहून पाठव. तू जिंकलेले, पण चुकीचे खेळलेले. हरलेल्या हातांच्या गोष्टी माझ्याकडे पोतंभर पडल्यात.

तुझा,
दादा